सीमाभागात छोट्या धंद्यासाठी भांडवल: पैसा कशाला लागतो, कागद कुठले आणि दार कुठलं

बँकेत जाऊन "साहेब, कुठली योजना चालू आहे?" असं विचारणारा माणूस बहुतेक वेळा एक छापील पत्रक घेऊन परत येतो. योजनेपासून सुरुवात केली की असंच होतं. अमुक योजनेत अनुदान आहे म्हणून तिला बसेल असा धंदा शोधला जातो, आणि मग ना धंदा जमतो ना कर्ज फिटतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कारवार, बिदर या पट्ट्यात त्यात आणखी एक गुंता आहे. माणूस मराठी, गिऱ्हाईक अर्धं चंदगड-गडहिंग्लज-कोल्हापूरचं आणि कागद मात्र कर्नाटक सरकारचे. त्यामुळे दोन गोष्टी आधी ठरवायच्या: पैसा नेमका कशाला हवा आहे, आणि आपल्या हातातले कागद कुठल्या राज्याचे आहेत. दार कुठलं हे त्यानंतर आपोआप कळतं.

पैसा तीन प्रकारचा

एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने पाडा. पहिल्यात एकदाच लागणारा पैसा: यंत्र, शेडची दुरुस्ती, गाळ्याचं डिपॉझिट, हेस्कॉमची वीजजोडणी. दुसऱ्यात फिरता पैसा: कच्चा माल, मजुरी, उधारीवर गेलेला माल. तिसऱ्यात अडकलेला पैसा, म्हणजे लोकांकडून येणं असलेली रक्कम. हा तिसरा रकाना बहुतेक लोक भरतच नाहीत. खरं तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कितीतरी मशीनशॉपवाल्यांना नव्या कर्जाची गरजच नसते, त्यांची चार-पाच बिलं वेळेवर सुटली तरी पुरे.

एकदाच लागणाऱ्या पैशासाठी मुदत कर्ज असतं आणि त्याला हप्ते असतात. फिरत्या पैशासाठी कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट, ज्यात वापरलेल्या रकमेवरच व्याज लागतं. या दोन्हींची अदलाबदल करणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे.

खानापूर भागातलं काजूचं छोटं युनिट घ्या. काजू बी साधारण मार्च ते मे या काळात बाजारात येते आणि वर्षभर फोडायची बी त्याच दिवसांत घेऊन ठेवावी लागते. मालकानं यंत्रासाठी मंजूर झालेल्या पैशातले दोन लाख बी खरेदीत घातले, तर यंत्र अर्धवट येतं. उलट मुदत कर्जावरच बी भरली, तर पहिली पोती फोडून, वाळवून, सोलून, ग्रेडिंग करून विकण्याआधीच हप्ते सुरू होतात. म्हणून अर्जात दोन्ही रकमा वेगळ्या दाखवायच्या आणि दोन्हींसाठी वेगळी खाती मागायची.

फिरतं भांडवल किती मागावं याचा बँकेचा ठोकताळा सोपा आहे. अंदाजे वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के गरज धरतात. त्यातले २० टक्के बँक देते आणि ५ टक्के तुम्ही घालायचे. उलाढाल १२ लाख धरली तर गरज ३ लाख, बँकेचे २ लाख ४० हजार आणि तुमचे ६० हजार. नायक समितीच्या शिफारशीवरून आलेली ही पद्धत ५ कोटींपर्यंतच्या मर्यादेला लागू आहे. काजूसारख्या हंगामी धंद्याला २५ टक्के पुरत नाहीत. तिथं महिनावार खरेदी-विक्रीचा तक्ता जोडून जास्त मागावं लागतं. तक्ता नसेल तर मॅनेजर ठोकताळ्यावरच थांबतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

अडकलेल्या पैशाबद्दल. तुमच्याकडे उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडची लघुउद्योगाची नोंदणी, असेल आणि तुम्ही उत्पादन किंवा सेवा देत असाल, तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानुसार खरेदीदारानं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे आहेत. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. पण एकाच मोठ्या कंपनीवर जगणाऱ्या जॉबवर्कवाल्यानं तक्रार ठोकण्याआधी दहा वेळा विचार करावा. तिथं प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि "देय मुदत ४५ दिवस" एवढं छापून ठेवलं तरी बराच फरक पडतो, कारण मुदत उलटूनही वर्षअखेरपर्यंत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, आणि हे तिच्या हिशोबनीसाला चांगलं माहीत असतं. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे ४५ दिवसांचं संरक्षण नाही.

कागद कुठल्या राज्याचे

सीमाभागात सर्वात जास्त अर्ज इथं अडतात.

महाराष्ट्रातल्या अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाच्या व्याज परताव्याबद्दल आपल्याकडे खूप विचारलं जातं. पाहुणे कोल्हापुरात, त्यांना मिळालं, मग आम्हालाही मिळेल असा समज असतो. त्याला महाराष्ट्राचा रहिवासी दाखला लागतो. महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आपलं गाव आहे एवढ्यानं ते दार उघडत नाही. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचंही तेच. चंदगडच्या पत्त्यावर आधार फिरवून अर्ज करायचा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका. युनिट बेळगावात, वीजबिल हेस्कॉमचं आणि पत्ता चंदगडचा, हे बँकेच्या पाहणीत पहिल्याच दिवशी उघडं पडतं.

जातीच्या दाखल्याचंही तसंच. सवलत ज्या राज्याची, दाखला त्या राज्याचा. कर्नाटकातला जात-उत्पन्न दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, मिळतो आणि त्यावर आरडी क्रमांक असतो. तो क्रमांक ऑनलाइन अर्जात घातला की माहिती आपोआप भरली जाते. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गाच्या ३-बी प्रवर्गात आहे, पण राज्याचा ३-बी म्हणजे केंद्राचा ओबीसी असं नाही. केंद्राच्या योजनेत ओबीसी म्हणून अर्ज करायचा तर आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी पाहून केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढावा लागतो. चुकीच्या रकान्यावर टिक केली तर अर्ज मंजूर होऊनही अनुदानाच्या टप्प्यावर परत येतो, आणि तोवर सहा महिने गेलेले असतात.

तशीच एक गंमत 'सीमावर्ती भाग' या रकान्याची. पीएमईजीपीत, म्हणजे केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, डोंगरी आणि सीमावर्ती भागाला जादा अनुदान आहे हे वाचून काही जण हुरळून जातात. ते केंद्र सरकारनं ठरवून दिलेले भाग आहेत. दोन राज्यांच्या हद्दीवर राहिल्यानं ते लागू होत नाही.

आता जमीन आणि जागा. शेतजमिनीचा उतारा, म्हणजे आरटीसी, अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी पौती खातं करून वारसांची नावं लावून घ्या. पंचायत हद्दीतल्या घरासाठी किंवा शेडसाठी ई-स्वत्तू या पंचायत मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीतला नमुना ९ आणि ११ लागतो. जुना हाती लिहिलेला उतारा बँक घेत नाही. तारण द्यायचं असेल तर ईसी म्हणजे बोजा दाखलाही काढावा लागतो. जागा भाड्याची असेल तर ई-स्टॅम्पवर भाडेकरार करा, आणि तो कर्जाच्या मुदतीशी जुळेल इतका लांबचा असू द्या. अकरा महिन्यांच्या करारावर पाच वर्षांचं कर्ज मागितलं की प्रश्न विचारला जाणारच.

नावातला फरक ही किरकोळ वाटणारी पण फाईल परत पाठवणारी बाब. आधारवर वडिलांचं नाव मधे, पॅनवर नाही, उताऱ्यावर कन्नडमधून इंग्रजीत येताना आडनावाचं स्पेलिंगच वेगळं. पॅन, आधार आणि बँक खातं या तिन्हींवर नाव अक्षरशः सारखं करून मगच अर्ज भरा. उताऱ्यावरचा फरक एकाच व्यक्तीच्या नावाबद्दलच्या प्रतिज्ञापत्रानं निभावतो.

जीएसटीचा मुद्दा तर खास आपल्या पट्ट्याचा. कर्नाटकात फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण माल राज्याबाहेर विकला की ही सूट संपते. बेळगावातून चंदगडच्या दुकानदाराला पहिली पेटी बिलावर विकली तरी नोंदणी आवश्यक आहे. काही हस्तकलेच्या वस्तूंना सूट आहे, बाकीच्यांना नाही. शिवाय उलाढालीवर ठोक दरानं कर भरणाऱ्या कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला परराज्यात माल पाठवता येत नाही. प्रकल्प अहवालात "विक्री: कोल्हापूर, गडहिंग्लज" असं लिहून जीएसटी नोंदणी जोडली नाही, तर जाणकार मॅनेजर तिथंच लाल रेघ मारतो.

उद्यम आणि सिबिल आधी उरका

उद्यम नोंदणी फुकट आहे. आधार आणि पॅनवर घरबसल्या होते, त्यासाठी कुणाला पाचशे-हजार रुपये द्यायचं कारण नाही.

सिबिलचा, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासाचा, अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. गुण ३०० ते ९०० मध्ये असतात. पूर्वी कधीच कर्ज घेतलं नसेल तर गुणांऐवजी उणे एक दिसतं. तो दोष नाही, इतिहास नाही एवढाच त्याचा अर्थ. अहवालात गुणांपेक्षा खालचे तपशील नीट वाचा. आपल्याकडे भावकीत, मित्रमंडळीत सोसायटीच्या कर्जाला जामीन राहायची पद्धत आहे. त्यातलं एखादं थकलेलं कर्ज तुमच्या नावावर जामीनदार म्हणून दिसू शकतं. ते मिटवून 'नो ड्यूज'चं पत्र घ्यायला महिनाभर लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी. आणि महिन्याभरात पाच ठिकाणी, त्यातही मोबाईल ॲपवर, कर्जाची चौकशी करू नका. प्रत्येक चौकशी अहवालात उमटते आणि माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय असं चित्र तयार होतं.

धंदा चालू असेल तर किमान सहा महिने, जमलं तर वर्षभर, विक्रीचे पैसे चालू खात्यातून फिरवा. दुकानातला क्यूआर कोड बायकोच्या किंवा मुलाच्या बचत खात्याला जोडलेला असतो, आणि मग "माझी उलाढाल वीस लाख आहे" हे कुणाला दाखवता येत नाही.

कुणाला कुठलं दार

खाद्यप्रक्रिया असेल, म्हणजे काजू, गूळ, मसाला, शेवया, पापड, लोणचं, बेकरी, कुंदा, तर पहिल्यांदा पीएमएफएमई, म्हणजे छोट्या खाद्यप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना, बघा. २०२० साली सुरू झालेल्या या योजनेत केंद्राचं ३५ टक्के अनुदान आहे, कमाल १० लाख. कर्नाटक सरकार त्यात १५ टक्के घालतं, म्हणजे एकूण ५० टक्के, कमाल १५ लाख. स्वतःचे किमान १० टक्के लागतात. जुनं युनिट वाढवायलाही चालते. राज्यात हे काम कॅपेक ही संस्था बघते आणि बेळगाव जिल्ह्याचं ठरलेलं उत्पादन गूळ आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. अहवाल बनवण्यापासून बँकेत पाठपुरावा करण्यापर्यंत त्या मदत करतात आणि त्यांचं मानधन सरकार देतं, तुम्ही नाही. महिला बचत गटातल्या सभासदाला अवजारं आणि खेळत्या भांडवलासाठी ४० हजारांपर्यंत बीज भांडवलही याच योजनेत आहे.

इतर उत्पादन किंवा सेवा असेल आणि धंदा नवा असेल, तर पीएमईजीपी. उत्पादनाला ५० लाख आणि सेवेला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. सर्वसाधारण प्रवर्गाला शहरात १५ आणि गावात २५ टक्के अनुदान, स्वतःचे १० टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरात २५, गावात ३५ टक्के आणि स्वतःचे फक्त ५ टक्के. उत्पादनात १० लाखांच्या आणि सेवेत ५ लाखांच्या वर जायचं तर आठवी पास हवी. पती-पत्नी मिळून एकालाच मिळतं. जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत. बिडी, तंबाखूचे पदार्थ, दारू यांना ही योजना नाही, त्यामुळे निपाणीच्या पारंपरिक धंद्याला हे दार बंदच.

'गाव' म्हणजे पंचायत हद्द, आणि त्याचा दाखला लागतो. बेळगाव शहराला लागून असलेल्या काही गावांत ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली आहे. जुन्या सवयीनं 'ग्रामीण' लिहिलं तर १० टक्के अनुदानाचा हिशोबच चुकतो.

दोन्ही योजना २०२५-२६ पर्यंतच्या मुदतीसाठी मंजूर झालेल्या होत्या. अर्ज भरण्याआधी पुढची मुदत उद्यमबागेतल्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

आता दोन्हींची तुलना एका उदाहरणावर. खानापूर तालुक्यात पंचायत हद्दीत काजूचं युनिट, एकूण खर्च ८ लाख, त्यातले ६ लाख यंत्रांचे आणि २ लाख बी खरेदीचे.

पीएमईजीपीत खेळतं भांडवलही प्रकल्प खर्चात धरलं जातं. अर्जदार बाई असेल तर ८ लाखांच्या ३५ टक्के म्हणजे २ लाख ८० हजार अनुदान, स्वतःचे ४० हजार, आणि खरा बोजा उरतो ४ लाख ८० हजारांचा. सर्वसाधारण प्रवर्गातला पुरुष असेल तर अनुदान २ लाख, स्वतःचे ८० हजार आणि बोजा ५ लाख २० हजार.

पीएमएफएमईत अनुदान यंत्रांवर आणि तांत्रिक बांधकामावर मोजतात, खेळत्या भांडवलावर नाही. ६ लाखांच्या ५० टक्के म्हणजे ३ लाख, मग अर्जदार बाई असो की पुरुष. बी खरेदीसाठी वेगळं कॅश क्रेडिट मागावं लागतं.

म्हणजे बाईच्या बाबतीत फरक वीस हजारांचा आणि पीएमईजीपीत स्वतःची रक्कम कमी, तर पुरुषाच्या बाबतीत पीएमएफएमई सरळ एक लाखानं सरस. ठरलेलं एकच उत्तर नाही, म्हणून हा हिशोब स्वतः मांडून बघा. एक लक्षात ठेवा: दुसऱ्या सरकारी अनुदानाचा लाभ घेतलेल्या युनिटला पीएमईजीपी मिळत नाही, तेव्हा दोन्हीकडे हात घालू नका.

अनुदान हातात येत नाही, हेही आधीच कळलेलं बरं. दोन्हीकडे ते कर्ज देणाऱ्या बँकेत तुमच्या नावे अडकवून ठेवतात. तीन वर्षं युनिट चालू राहिलं आणि खातं थकलं नाही तर कर्जात वळतं होतं. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही. दुसऱ्या वर्षी युनिट बंद पडलं तर अनुदान परत जातं आणि सगळं कर्ज तुमच्या डोक्यावर. "अनुदान काढून देतो, दहा टक्के द्या" म्हणणारा एजंट ही तीन वर्षं कुठंच नसतो.

दुकान, गॅरेज, शिलाई, डीटीपी, किराणा यांना मुद्रा कर्ज. ५० हजारांपर्यंत शिशू, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण. तरुण कर्ज फेडलेल्याला २० लाखांपर्यंत तरुण प्लस. यात अनुदान नाही, पण तारणही नाही. सूक्ष्म आणि लघुउद्योगाला ठरावीक रकमेपर्यंत तारण मागू नये असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. त्याच्या वरच्या रकमेला सीजीटीएमएसई या सरकारी कर्जहमी निधीची हमी घेता येते. त्याची फी असते, पण घर गहाण टाकण्यापेक्षा ती परवडते.

सुतार, लोहार, कुंभार, सोनार, शिंपी, न्हावी, चप्पल बनवणारे अशा १८ कारागिरीच्या धंद्यांना पीएम विश्वकर्मा. नोंदणी सीएससी (सामान्य सेवा) केंद्रात, अवजारांसाठी १५ हजार, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाख. अथणी-निपाणीकडच्या चप्पल कारागिरांनी हे जरूर घ्यावं. कोल्हापुरी चपलेच्या २०१९ च्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे, त्याचाही विक्रीला उपयोग होतो. हातगाडी, फूटपाथवरची विक्री असेल तर पीएम स्वनिधी: १५, २५ आणि ५० हजार असे तीन टप्पे, वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज परत. महापालिकेचं विक्रेता ओळखपत्र किंवा शिफारसपत्र हवं.

महिलांसाठी राज्याची उद्योगिनी योजना आहे. ३ लाखांपर्यंत कर्ज, वय १८ ते ५५. सर्वसाधारण प्रवर्गात वार्षिक उत्पन्न दीड लाखांच्या आत असेल तर ३० टक्के, कमाल ९० हजार अनुदान. अनुसूचित जाती-जमातीला उत्पन्नाची मर्यादा २ लाख आणि अनुदान ५० टक्के, कमाल दीड लाख. तालुक्याला जागा मोजक्याच असतात, म्हणून जाहिरात निघाली की त्याच आठवड्यात अर्ज. जातीनिहाय महामंडळांचंही तसंच: आंबेडकर, वाल्मिकी, देवराज अरस, अल्पसंख्याक आणि मराठा समाजासाठी कर्नाटक मराठा समुदाय विकास निगम. त्यांचे अर्ज राज्याच्या सेवा सिंधू पोर्टलवर, गावातल्या ग्राम वन सेवा केंद्रातून भरता येतात. जाहिरात कन्नडमध्ये येते आणि मुदत थोडी असते. मराठी गल्लीत ती कळेपर्यंत शेवटची तारीख उलटून जाते, म्हणून ग्राम वनमध्ये बसणाऱ्या मुलाशी ओळख ठेवलेली फायद्याची.

बँकेत काय बघतात

शाखा युनिटच्या जवळची निवडा, कारण मॅनेजरला येऊन बघायचं असतं. बेळगाव जिल्ह्याची लीड बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणारी बँक, कॅनरा आहे. गावात पूर्वीची विकास ग्रामीण बँक आता कर्नाटक ग्रामीण बँक झाली आहे. अर्ज एप्रिल-मेमध्ये टाकलेला बरा. अनुदानाचं उद्दिष्ट आर्थिक वर्षाचं असतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मॅनेजर वसुलीच्या मागे असतो.

प्रकल्प अहवाल चाळीस पानांचा नको. त्यात एक आकडा पटला पाहिजे: वर्षाला हप्त्यासाठी उरणारी रक्कम भागिले वर्षाचे हप्ते. ५ लाख, ११ टक्के, ५ वर्षं, तर हप्ता महिन्याला सुमारे १०,८७० आणि वर्षाला १ लाख ३० हजार. घरखर्च आणि धंद्याचा खर्च जाऊन किमान १ लाख ९५ हजार उरताना दिसले तर प्रमाण दीड येतं आणि बँक खूश असते. सव्वाच्या खाली गेलं तर मुदत वाढवून मागा किंवा रक्कम कमी करा. पहिल्याच वर्षी क्षमतेच्या ९० टक्के उत्पादन दाखवणारा अहवाल विकत घेतलेला आहे हे कुणालाही कळतं. पहिल्या वर्षी ५०-६० टक्के दाखवा.

कोटेशन जीएसटी क्रमांकासह, आणि त्याची बेरीज अहवालाशी रुपया रुपया जुळलेली. लोक यंत्राची किंमत लिहितात, पण कर, भाडं, पाया, वायरिंग आणि हेस्कॉमचं डिपॉझिट विसरतात. मग यंत्र शेडमध्ये येऊन पडतं आणि थ्री-फेज जोडणीला पैसे नसतात. वीज येईपर्यंत तीन महिने जातात आणि सवलतीचा काळ संपून हप्ता सुरू होतो. म्हणून वीजभाराचा अर्ज कर्जाच्या अर्जाबरोबरच टाका आणि किमान सहा महिने हप्ता सुरू न होण्याची सवलत लेखी मागा.

अर्जाची पोच घ्या. लघुउद्योगाच्या २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर पूर्ण कागद मिळाल्यापासून १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि नाकारला तर कारण लेखी द्यायचं असतं. तोंडी "नाही होत" हे उत्तर नव्हे. पुढची पायरी लीड बँक मॅनेजर, त्यानंतर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल.

सोसायटी, पिग्मी, भिशी

आपल्याकडे सोसायट्या आणि सौहार्द सहकारी संस्था गल्लोगल्ली आहेत. दोन दिवसांत पैसे देतात, मराठीत बोलतात, ओळखीनं काम होतं. घाईच्या वेळी त्यांच्यासारखं कुणी नाही. फक्त दर कसा मोजतात ते विचारा. १ लाख, २ वर्षं, १२ टक्के 'फ्लॅट' म्हणजे व्याज २४ हजार आणि हप्ता ५,१६७. ऐकायला १२, पण उरलेल्या रकमेवर मोजलं तर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात पडतं. बँकेचे १२ टक्के आणि हे १२ टक्के एक नव्हेत. शिवाय भागभांडवल, प्रक्रिया शुल्क, विमा आधीच कापून घेतात. हातात किती पडणार ते लिहून मागा.

पिग्मी, म्हणजे रोज थोडी भरायची ठेव, रोजच्या विक्रीवाल्याला शिस्त लावते आणि तिच्यावर कर्जही मिळतं. पण बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला जो विमा असतो तो सोसायटीतल्या ठेवीला नसतो. योजनेत भरायची स्वतःची रक्कम महिनोन् महिने तिथं ठेवू नका. भिशी शेवटच्या नंबरावर उचलली तर ती बचत असते, पहिल्या नंबरावर बोली लावून उचलली तर महाग कर्ज.

मायक्रोफायनान्सचा साप्ताहिक हप्ता रोज रोकड फिरणाऱ्या धंद्यालाच झेपतो. घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वसुलीत दमदाटी झाली तर पोलिसांत तक्रार करता येते.

सही करण्याआधी आणि नंतर

मुख्य तथ्यपत्रक, म्हणजे केएफएस, मागून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून लघुउद्योगाच्या मुदत कर्जाला ते द्यावंच लागतं, आणि कर्जदाराला समजेल त्या भाषेत. कन्नड वाचता येत नसेल तर तसं सांगा. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन संस्थांची तुलना त्याच आकड्यावर करा.

यंत्राचे पैसे बँक थेट विक्रेत्याला पाठवते. यंत्र आलं की त्यावरचा अनुक्रमांक दिसेल असा फोटो, बिल आणि विमा एका फाईलमध्ये लावा. पीएमईजीपीत युनिटच्या प्रत्यक्ष तपासणीला माणूस येतो आणि त्याला हेच लागतं. योजनेच्या नावाची पाटी दारावर लावलेली असावी. पहिल्या तपासणीला पाटी नाही म्हणून अडलेली फाईल सोडवायला पुन्हा दोन महिने लागतात, आणि ती पाटी रंगवायला चार-पाचशे रुपयेही लागत नाहीत.